झरीकडची बाजू

डिचोलीहून आत, खाणींकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमचं भाड्याचं घर होतं. पप्पा खाण कंपनीच्या कचेरीत कारकून झाले म्हणून आम्ही पणजी सोडून तिथे राहायला गेलो. पहाटेपासून खनिजाचे ट्रक जायला लागत. पहिला ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणायची, दुसरा गेला की आई अंथरुणातच म्हणायची, ''उठा, जाग आली गावाला.'' मग पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू यायचा आणि कुणीतरी धावत जाऊन उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन यायचं. पातळभाजीत बुडवून खाल्लेला तो गरम उंडा आणि दाताखाली येणारी बारीक कचकच, ही त्या घराची चव होती. ती कचकच धुळीची. झाडांची पानं, जनेलाचे गज, दोरीवरचे कपडे, मीठ-साखरेच्या बरण्यांची झाकणं, सगळ्यावर लाल धूळ बसायची. पांढरं कापड त्या गावात पांढरं राहत नसे. आई सुरुवातीला साबण घासून घासून रडकुंडीला आली आणि मग तिनं तो नाद सोडून दिला.

मी तेव्हा म्हापशाला कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. शाळा सगळी पणजीच्या कॉन्व्हेंटमधली. डोक्यात वाक्य इंग्रजीत जुळायचं, ते कोकणीत आणेपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्याशी बोलायला लागलेला असायचा. त्यामुळे गावात माझ्याबद्दल मत झालं की मी गर्विष्ठ आहे. मीही ते खोडून काढलं नाही. न बोलणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही, आणि मला कोणी काही विचारलेलं नकोच असायचं.

एक गोष्ट मात्र मला येत होती. पणजीला असताना मी तलावात जाऊन रीतसर पोहायला शिकले होते. हे गवस सरांना कळलं. गवस सर दोडामार्गकडचे, गावातल्या हायस्कुलात खेळ शिकवायचे. त्यांनी गावातल्या पाच मुली निवडल्या होत्या आणि त्यांना राज्याच्या स्पर्धेत उतरवायचं त्यांच्या मनात होतं. पोहण्याचा तलाव पणजीला. रोज पहाटे तिथे पोचणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून सरांनी देवस्थान चालवणाऱ्या महाजनांना हातापाया पडून देवीच्या तळीत सराव करायची परवानगी मिळवली.

ती तळी मला अजून पाठ आहे. तिन्ही बाजूंनी जांभ्याच्या पायऱ्या, चौथ्या बाजूला उंच भिंत, आणि त्या भिंतीच्या तळाशी, पाण्याच्या आतच, झर. तिथे पाणी सतत हलत असायचं, भात शिजताना मधे जसं हलतं तसं. झरीकडून निघालेलं पाणी तळी ओलांडून खालच्या टोकाच्या मोरीतून माडापोफळींच्या कुळागरात जायचं. सरांनी पाण्यावर दोर ताणून त्याला तेलाचे रिकामे डबे बांधले होते. खालच्या टोकाला ते स्वतः शिट्टी घेऊन उभे राहत. झरीच्या भिंतीशी वळायचं, त्या बाजूला पायरीवर मी बसायची. कुणी भिंतीला हात न लावताच वळलं तर मी सांगायचं.

महाजनांची एक अट होती. ती त्यांनी सरांना सांगितली आणि सर मान खाली घालून माझ्याकडे आले. ''तू बघ हां ते,'' एवढंच म्हणाले. मला आधी कळेना. मग ते झाडाकडे बघत म्हणाले, ''तळी देवीची. ज्या मुलीला... म्हणजे तब्येत नसेल, तिनं उतरायचं नाही. एकदा जरी तसं झालं तर तळी बंद. महाजनांनी स्पष्ट सांगितलंय.'' आणि त्यांनी वळून विनाकारण शिट्टी वाजवली.

तर अशी ती कामगिरी माझ्यावर आली. पाच मुलींच्या महिन्याचा हिशेब मी, जी कुणाशी बोलत नाही ती, मनात ठेवायचा. मला पहिल्या दिवसापासून धडकी भरलेली. एखादीनं सांगायचं राहून गेलं तर? एखादीला पाण्यातच आलं तर? रात्री मला स्वप्नात तळी दिसायची आणि तिच्यात पाणी नसायचं. आम्ही एक खूण ठरवली. जी भायली, म्हणजे पाळीची, असेल तिनं तळीवर यायचंच नाही, आमच्या घरी मागच्या पडवीत यायचं. आणि सरांनी कुणाचीही चौकशी करायची नाही, खांद्यावरचे तुवाले, म्हणजे टॉवेल, मोजायचे. चार तुवाले दिसले की ते चार मुलींचा सराव घेत. पाचवी कुठे हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आजही आदर वाटतो.

मागच्या पडवीत एक लांब बाक होता. त्यावर पालथं पडून मुली हात मारायच्या, पाय मारायच्या. कोरडं पोहणं. आई न्हाणीघराच्या चुलीवर पाणी तापत ठेवायची आणि त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपांत चहा द्यायची. कप वेगळे, कारण शेजारीण कुंपणावरून बघायची. पण चहाबरोबर उंडा असायचा आणि कधीकधी गुळाचे फोव, म्हणजे पोहे. कुणाला पोटात जास्त दुखत असलं तर ती ओव्याचं पाणी करून आणायची आणि ''पी, तोंड वेडंवाकडं करू नकोस,'' म्हणून समोर उभी राहायची. मुली घडीचं जुनं कापड वापरायच्या आणि ते कपाटाच्या मागे, अंधारात वाळवायच्या. मी त्यांना ते उन्हात घालायला सांगितलं, तर उन्हात घालायचं कुठे, अंगणातून तर भाऊ, बाप, ट्रकवाले सगळे जातात. शेवटी आईनं न्हाणीघरामागे एक दोरी बांधली आणि तिच्यापुढे जुनं लुगडं आडवं टाकलं. मी म्हापशाहून येताना औषधाच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाकिटं आणायची. ते पुडकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसताना वाटायचं, सगळ्या बसला ठाऊक आहे.

दुकानदार नाईकांची मीना त्या बाकावर सगळ्यात जास्त बोलायची, सरांचं ‘पाणी मागे लोटा’ हे पालुपद धरून. ''रेखाताय, सर म्हणटात पाणी फाटल्यान लोट. हांगा पाणी खंय आसा? च्या लोटूं?''

''तोंड लोट आदीं,'' आई आतून म्हणायची.

''मामी, देवी पण भायर बसता आसतली?''

''मीने!''

''न्हय गो, विचारतां. तिका चार दीस सुटी कोण दिता? तिका रोज न्हाणोवप, रोज फुलां. बापडी ती.''

आम्ही हसायचो, आणि हसताना मी कुंपणाकडे बघायची.

शेवंती ह्या पाचांत सगळ्यात लहान. तेरा वर्षांची असेल. तिचे वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे, आई लोकांच्या शेतात कामाला जायची. शेवू बारीक, काळीसावळी, बोलायची कमी, आणि पाण्यात पडली की तिच्या मागे कुणाला जाता येत नसे. सर तिच्याकडे बघताना श्वास धरायचे. राज्याच्या संघात तिची निवड झाली असती तर पणजीला वसतिगृहात राहून शिकायची सोय होणार होती. तिच्या आईनं सरांना सरळ सांगितलं होतं, ''सर, ह्या वर्साक जमला तर बरा. नाय तर चेडवाक माझ्यावांगडा लावणेक धाडतलंय.'' म्हणजे पुढच्या पावसाळ्यात भातलावणीला. शेवूसाठी मी माझा जुना निळा पोहण्याचा पोशाख आणून दिला होता. तो घालायची तिला इतकी लाज की त्यावरून ती भावाची हाफपँट चढवायची.

तिला अजून पाळी आली नव्हती. त्यामुळे माझ्या मनातल्या हिशेबात ती नव्हती. चार जणींची काळजी मी वाहायची आणि पाचवीकडे बघून मला तेवढाच विसावा वाटायचा.

त्या दिवशी सकाळी सर मुलींना लांब पल्ल्याचा सराव देत होते. देवळात नौबत सुरू झाली. नौबत सुरू झाली की देवीचे पुजारी, भटमाम, कळशी घेऊन खाली येत. ते झरीच्या भिंतीला लागून असलेल्या अरुंद पायऱ्यांनी उतरत, ओठांत काहीतरी म्हणत, मुली पोहतात तिकडे चुकूनही न बघता, अगदी भिंतीकडे तोंड करून. जिथे पाणी हलतं तिथे कळशी बुडवायची, भरायची, वर जायचं. त्याच पाण्याने देवीला अभिषेक. ते येताना दिसले की झरीकडे असलेली मुलगी दूर व्हायची. हा नियम कुणी घातला नव्हता, आपोआप पडला होता.

शेवू झरीकडे आली, भिंतीला हात लावला आणि वळली नाही. भिंत धरून तशीच राहिली. मी म्हटलं, ''शेवू, चल, वळ.'' तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला कधी विसरता आला नाही. ओठ पांढरे, डोळे मोठे, आणि एक हात पाण्याखाली मांड्यांमध्ये दाबलेला. तळीचं पाणी इतकं नितळ की तळाचे दगड दिसायचे. त्या नितळ पाण्यात तिच्या पायाशी एक बारीक, धुरासारखी रेघ हलत होती. झर तिला वर ढकलत होती आणि ती रेघ विरत होती, पुन्हा उमटत होती.

माझ्या पाठीमागून पायऱ्यांवर खडावांचा आवाज आला.

मी काय करायला हवं होतं हे मी पुढे कितीतरी वर्षं मनात लावून बघितलं आहे. ओरडायला हवं होतं का? पाण्यात उडी मारून तिला दूर ओढायला हवं होतं का? त्या क्षणी माझं अंग दगडाचं झालं. भटमाम आले, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, वाकले. शेवू त्यांच्यापासून हातभर अंतरावर, भिंतीला पाल चिकटावी तशी चिकटलेली. कळशी पाण्यात गेली. बुडबुड आवाज झाला. नौबत वाजत होती. कळशी भरली, ते ती खांद्यावर घेऊन वर गेले. मला एकच दिसत होतं, कळशीच्या बाहेरून थेंब गळत होते आणि प्रत्येक थेंब पायरीवर पडला की मी त्याचा रंग बघत होते.

मग माझे पाय सुटले. मी तिला ओढून वर काढलं. माझा तुवालो, गावातल्या सगळ्या तुवाल्यांसारखा मळकट लाल झालेला, तिच्या कमरेला गुंडाळला. त्या गावात लाल डागाला कुणी काही विचारत नसे, हे त्या दिवशी कामाला आलं. सरांना मी लांबूनच हात केला, पायात गोळा आला म्हणून. ते धावत यायला लागले तर मी इतकी जोरात ''नको!'' म्हणाले की ते जागीच थांबले. त्यांना कळलं असावं. त्यांनी पाठ फिरवली आणि बाकीच्या मुलींना खालच्या टोकाला बोलावून घेतलं.

आम्ही कुळागराच्या मागच्या वाटेने घरी आलो. वाटेत शेवूचे दात वाजत होते. थंडीने असेल असं मला वाटलं, पण ऊन वर आलं होतं.

''दुखतंय?''

''नाय.'' मग थोडं चालून, ''ताय, भट इलो तेव्हा मी थयच हुतंय.''

''माहीत आहे.''

''त्याच पाण्यान आता देवीक...''

''शेवू, गप्प राहा.''

''माका ठावक नाय हुता गो. सकाळी काय एक नाय हुता.'' ती चालता चालता थांबली. ''देवी माका काय करतली?''

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, जीवशास्त्राच्या पुस्तकात हे सगळं आकृतीसकट वाचलेली, आणि माझ्याही मनात तोच प्रश्न होता. आज कुणी मला विचारलं की तू देवाला मानत होतीस का, तर मला धड सांगता यायचं नाही. भीत होते, हे नक्की.

आईनं आम्हाला बघितलं आणि तिला सांगावं लागलं नाही. गरम पाणी काढलं, शेवूला न्हाणीघरात नेलं, माझ्याकडून पाकीट मागून घेतलं. शेवू आत असताना माझ्याजवळ येऊन तिनं हळू विचारलं, ''कुठे झालं?''

''वाटेवर,'' मी म्हणाले.

आईनं माझ्या ओल्या बाह्यांकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या परकराकडे बघितलं. ''वाटेवर,'' ती म्हणाली. ''बरं झालं. वाटेवर झालं ते बरं झालं.'' आणि तिनं मागचं दार लावून घेतलं.

शेवूला मी तेच पढवलं. तळीवरून निघालीस, वाटेत पोटात दुखलं, तेव्हा कळलं. तिनं मान हलवली. मी तिला घरापर्यंत सोडून आले आणि बसची वेळ निघून गेली म्हणून कॉलेजला गेले नाही. दिवसभर रस्त्यावर चपलांचा आवाज आला की मी जनेलाशी जायची. महाजन येतील, सरांना बोलावतील, तळी उपसतील, होम करतील, शेवूच्या आईला देवळासमोर उभं करतील. असलं मी कधी बघितलं नव्हतं, पण डोळ्यांपुढे सगळं स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी शेवूची आईच आली. हातात गूळ-खोबऱ्याची पानाची पुडी, चेहरा फुललेला. ''चेडू माझा शाणा झाला गो!'' तिनं आईला सांगितलं. पहिली मुलगी तिची. तिनं पाच सुवासिनींना बोलावून शेवूची ओटी भरायचं ठरवलं होतं. मी आतून ऐकत होते. ती बोलता बोलता म्हणाली, ''आता भटाकडसूनच इलंय. वेळ बरी काय वायट ती इचारूक होयी ना?''

आईचा आवाज बदलला. ''वेळ? कुठली वेळ सांगितलीस?''

''चेडवान सांगल्यान ती. नौबत वाजत हुती तेव्हा.''

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. जागा बदलायला मी शेवूला शिकवलं होतं. वेळही कुणी विचारेल, मुलगी मोठी झाली की पंचांग उघडून त्या घटकेचं बरं-वाईट बघतात, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्या घरात तसं कधी केलं नव्हतं. आणि शेवूला विचारल्यावर तिनं खरं तेच सांगितलं. नौबत वाजत होती. नौबत वाजत असताना मुली कुठे असतात हे त्या गावात एका माणसाला सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

''मग भटमाम काय म्हणाले?'' आईनं विचारलं.

''काय एक नाय. पंचांग उघडल्यान, मिटल्यान. मगे ये म्हणालो.''

आईनं त्या दिवशी सोलकढीत मीठ दोनदा घातलं आणि पप्पा ती तशीच प्यायले.

भटमाम दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आले. पप्पा कचेरीत होते. छत्री मिटून त्यांनी ती पडवीच्या खांबाला टेकवली, कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, न बसता पायरीवरच बसले आणि पाणी मागितलं. आईनं गूळ-पाणी दिलं. त्यांनी पाण्याला हातसुद्धा लावला नाही. आमच्याशी ते नेहमी पुस्तकी मराठीत बोलायचे, शिकलेली माणसं म्हणून.

''बाय, तुला एक विचारायचं होतं.''

आई दारात उभी राहिली.

''ती ड्रायव्हरची पोर. त्या वेळी तुम्ही सगळ्या तळीवर होतात.''

''हो.''

''मी झरीवर होतो.''

''हो.''

ते अंगणाकडे बघत होते. एक ट्रक गेला, धूळ उडाली, ती खाली बसेपर्यंत ते थांबले. ''झरीचं पाणी वाहतं,'' ते म्हणाले. ''वरून खाली. वाहत्या पाण्याला विटाळ नाही, शास्त्र आहे. पण खालच्या अंगाला असेल तर. झरीच्या तोंडाशीच कुणी असेल तर...'' त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग प्रथमच माझ्याकडे बघितलं. ''ती खालच्या टोकाला होती. ना?''

त्यांची बोटं गुडघ्यावरच्या धोतराला एकच चुणी पुन्हा पुन्हा घालत होती. ती मी बघितली नसती तर काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक. दोन दिवस मी समजून चालले होते की ह्या गावात भिणाऱ्या आम्ही तिघीच आहोत, मी, आई आणि शेवू. त्या पाण्याने अभिषेक करणारा हात ह्यांचा होता. ही गोष्ट बाहेर पडली असती तर बापजाद्यांपासून आलेली पूजा महाजनांनी ह्यांच्याकडून काढून घेतली असती. रात्रभर तेही झोपले नव्हते, डोळे सांगत होते.

''हो,'' मी म्हणाले. ''खालच्या टोकाला. सरांच्या जवळ.''

''मग झालं.'' त्यांनी तांब्या उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायले. ''तिच्या आईला सांगतो, वेळ उत्तम आहे.''

मला वाटलं संपलं. पण शेवूचं काय करायचं हे आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिचं न्हाणं झालं, ओटी भरली, आणि पाचव्या दिवशी ती तुवालो घेऊन आली नाही. सहाव्या दिवशीही नाही. सरांनी मला काही विचारलं नाही, पण शिट्टी तोंडात धरून ते वाटेकडे बघत राहायचे. स्पर्धा तोंडावर आली होती. मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती विहिरीवर भांडी घासत होती.

''मी नाय येवचंय, ताय.''

''का? भटमाम म्हणाले, झरीचं पाणी वाहतं. विटाळ नाही. कुणी विचारलं तर खालच्या टोकाला होते म्हण.''

''पण मी झरीकडे हुतंय.''

''शेवू, हळू.''

''तुका ठावक आसा, माका ठावक आसा. देवीक ठावक नाय?'' ती राख चोळत राहिली. मग म्हणाली, ''माका पाकळी लावन घेवची आसा. देवी हो म्हणाली तर येतंय.''

गोव्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. आमच्याकडे काही ठरत नसलं की देवाला विचारतात. भट मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न, जमीन, दुखणं, सगळं लोक त्यावर सोडतात आणि उत्तर आल्यावर कुणी वाद घालत नाही. त्यामुळेच माझा जीव उडाला. डावी पडली तर शेवू आयुष्यात तळीत उतरणार नव्हती. आणि प्रश्न विचारताना ती तोंडाने काय काय बोलेल ह्याचा नेम नव्हता. मी पुष्कळ समजावलं. ती भांडी विसळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा झाल्यावर आम्ही गेलो. मंडपात महाजनांपैकी अण्णा पान जमवत बसले होते. नेमके. शेवूला बघून भटमामांचा चेहरा उतरला.

''पाकळी होयी,'' शेवू म्हणाली.

''कशासाठी?''

तिनं तोंड उघडलं. मी अण्णांकडे बघितलं.

''मोठ्याने नको,'' भटमाम घाईने म्हणाले. ''मनात सांग. देवीला ऐकू येतं.''

शेवूनं डोळे मिटले आणि हात जोडले. तिचे ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते. तिनं सगळंच सांगितलं असणार. भटमामांनी पाकळ्या ताम्हणातल्या पाण्यात भिजवल्या. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून जरा बाजूला होते, तिथून त्यांचे हात दिसत होते. डावीकडची पाकळी त्यांनी पाण्यातून काढली, गंधाच्या वाटीत हलकेच बुडवली आणि अंगठ्याने मूर्तीवर दाबून बसवली. उजवीकडची त्यांनी नुसती टेकवली, बोटाच्या टोकाने. तिला अंगठा लावला नाही. मग उठून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. ''आई, लेकराच्या मनात जे आहे ते तू जाणतेस. हो असेल तर उजवी दे, नाही असेल तर डावी दे. लेकराला रिकामं पाठवू नकोस.''

काही पडलं नाही. समई तेवत होती. अण्णांच्या अडकित्त्याचा आवाज येत होता, कट, कट. भटमामांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, ह्या वेळी आवाज फाटला. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. मला वाटलं, देवीनं सगळं ओळखलं आहे. टेकवलेली पाकळी अशी चिकटून कशी राहते? मी शेवूचा हात धरला. भटमामांच्या मानेवरून घाम वाहत होता. त्यांनी तिसऱ्यांदा हात जोडले, पण तोंडातून शब्द आला नाही. नुसते उभे राहिले.

उजवी पाकळी सरकली, थांबली, आणि पडली.

शेवू मटकन खाली बसली आणि रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती.

''काय विचारलं गो पोरीनं?'' मंडपातून अण्णांचा आवाज आला.

''पोहण्याच्या शर्यतीचं,'' भटमाम म्हणाले. मागे वळले नाहीत.

''मग?''

''उजवी.''

''बरं, बरं. मग आता कोण ना म्हणणार?'' अण्णांनी पान तोंडात टाकलं. ''जिंकून ये गो पोरी. गावाचं नाव कर.''

भटमामांनी पडलेली पाकळी उचलून शेवूच्या हातात दिली. मला द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते, आणि त्यांना ते कळलं. त्यांनी अंगठा धोतराला पुसला. पुढे मी त्या गावात होते तोवर आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पाच तुवाले होते. शेवूनं खालच्या टोकावरून सूर मारला आणि डब्यांच्या दोराला लागून सरळ येत राहिली. झरीच्या भिंतीला हात लावला, वळली, आणि तिचे पाय माझ्या समोरून गेले. सर खालून ओरडत होते, ''वळण बरोबर होतं का? रेखा, वळण?''

मी वळण बघितलंच नव्हतं. मी तिच्या मागचं पाणी बघत होते.

पुढे माझा जन्म तलावांच्या काठावर गेला. मुलींना पोहायला शिकवलं, पाळीत काय वापरायचं, केव्हा उतरायचं, केव्हा नाही, हे न लाजता सांगायला शिकले. आता तर त्या मलाच नवीन काही सांगतात आणि हसतात. तरी कुणी मुलगी भिंतीशी येऊन क्षणभर थांबली की माझं अंग दगडाचं होतं. ती वळते, जाते, आणि पाणी नितळ आहे ह्याची खात्री होईपर्यंत मी श्वास घेत नाही.